लिमान फॉन झांडर्स: घोडदळाचा जनरल आणि त्याची राखीव फौज

जानेवारी १९१४ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने आपल्या एका लेफ्टनंट जनरलला बढती देऊन ‘घोडदळाचा जनरल’ केलं. ही बढती त्याने कुठली लढाई जिंकली म्हणून मिळाली नव्हती. रशिया आणि जर्मनी यांच्यात महिनाभर पेटलेलं एक भांडण मिटवण्याची ती युक्ती होती. त्या अधिकाऱ्याचं नाव ओटो लिमान फॉन झांडर्स. पुढे गॅलिपोलीत ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांना आठ महिने किनाऱ्यावर अडकवून ठेवणारा सेनापती हाच. आणि १९१८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये ज्याला भारतीय घोडेस्वारांमुळे भल्या पहाटे आपलं मुख्यालय सोडून पळावं लागलं, तोही हाच.

त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी हुद्दा समजून घ्यायला हवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रशियन सैन्यात मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल यांच्या वरच्या पायरीवर नुसता ‘जनरल’ नसे. अधिकारी ज्या दलात वाढला त्या दलाचं नाव हुद्द्याला जोडलं जाई: पायदळाचा जनरल, घोडदळाचा जनरल, तोफखान्याचा जनरल. मान सारखाच आणि पगारही त्याच पायरीचा. या हुद्द्याचा माणूस साधारणपणे कोअर सांभाळे, म्हणजे पायदळ, तोफा, घोडेस्वार, रसद असं सगळं असलेली हजारो सैनिकांची फौज. तेव्हा ‘घोडदळाचा जनरल’ म्हणजे घोड्यावर बसून तलवार उपसणारा सेनापती, हे चित्र डोक्यातून काढून टाकलेलं बरं. लिमानच्या हाताखाली युद्धात जे सैन्य होतं ते बहुतांश तुर्की पायदळ.

जन्म १७ फेब्रुवारी १८५५ चा, पोमेरेनिया प्रांतातल्या श्टोल्पजवळचा. हा भाग आता पोलंडमध्ये येतो. वडिलांचा तिथे जमीनजुमला होता. १८७४ मध्ये तो डार्मश्टाट इथल्या पायदळाच्या रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि १८७९ मध्ये घोडदळात गेला. मग जनरल स्टाफ, हुसारांच्या म्हणजे हलक्या घोडदळाच्या एका रेजिमेंटचं नेतृत्व, आणि १९११ पासून कासेल इथल्या २२ व्या डिव्हिजनचं. जून १९१३ मध्ये सम्राटाच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली, तेव्हा त्याला उमरावकी मिळाली आणि त्याने ‘फॉन झांडर्स’ हे दिवंगत पत्नीच्या माहेरचं आडनाव आपल्या नावाला जोडलं. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या वेळी तो पंधरा-सोळा वर्षांचा होता आणि त्यानंतर जर्मनीने युरोपात मोठं युद्ध केलंच नाही. त्यामुळे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतची त्याची कारकीर्द म्हणजे छावण्या, कवायती, सराव आणि तपासण्या. ती तिथेच संपली असती तर आज त्याचं नाव कुणालाही ठाऊक नसतं.

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांमुळे चित्र पालटलं. ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याने युरोपातला जवळपास सगळा मुलूख गमावला आणि बल्गेरियाचं सैन्य राजधानीच्या वेशीपर्यंत येऊन ठेपलं. सैन्य नव्याने उभं करायचं म्हणून तुर्की सरकारने जर्मनीकडे मदत मागितली. जर्मन अधिकारी तुर्की सैन्याला नवखे नव्हते. १८८० च्या दशकात फॉन डेर गोल्ट्स तिथे बराच काळ शिकवून गेला होता. या वेळी मात्र सल्लागार नको होते, हातात अधिकार असलेले अधिकारी हवे होते. सुमारे चाळीस जणांचं पथक ठरलं आणि प्रमुख म्हणून लिमानची निवड झाली. डिसेंबर १९१३ च्या मध्यात तो इस्तंबूलला उतरला. करारानुसार राजधानीतल्या पहिल्या कोअरचं थेट नेतृत्व त्याच्याकडे येणार होतं.

रशियाला हे मुळीच खपलं नाही. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जायला एकच वाट आहे: बॉस्फरस, मार्मारा समुद्र आणि डार्डनेल्स. दक्षिण रशियाचा गहू याच वाटेने जगाच्या बाजारात जाई. त्या वाटेच्या काठावरच्या शहरातली फौज जर्मन जनरलच्या हुकमाखाली गेली, तर रशियाच्या व्यापाराची नस बर्लिनच्या हातात गेल्यासारखं होतं. परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने जोरदार निषेध केला आणि ब्रिटन व फ्रान्सलाही सोबत ओढायचा प्रयत्न केला. ब्रिटनची मात्र पंचाईत होती. तुर्की नौदल सुधारायला गेलेल्या पथकाचा प्रमुख स्वतः ब्रिटिशच होता, अ‍ॅडमिरल लिंपस. आपला माणूस आरमारात बसलेला असताना जर्मन माणूस भूदलात नको, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तोडगा निघाला तो हुद्द्यातून. तुर्की सेवेत आलेल्या जर्मन अधिकाऱ्याला एक पायरी वरचा हुद्दा मिळे. लिमानला जर्मनीने घोडदळाचा जनरल केलं, म्हणजे तुर्की सैन्यात तो आपोआप मार्शल झाला, आणि मार्शलने एका कोअरचं नेतृत्व करणं त्याच्या मानाला शोभणारं नव्हतं. म्हणून त्याला सैन्याचा महानिरीक्षक करण्यात आलं. रशियाची अब्रू राहिली आणि जर्मनीचीही. इतिहासात हे प्रकरण ‘लिमान फॉन झांडर्स पेचप्रसंग’ म्हणून नोंदलं गेलं आहे. पहिल्या महायुद्धाला तोंड फोडणारं जुलै १९१४ चं संकट त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी आलं आणि त्या वेळी रशिया कमालीचा ताठर का झाला, याच्या कारणांमध्ये या प्रकरणाची गणना अनेक इतिहासकार करतात.

महानिरीक्षक म्हणून त्याला दिसलेलं तुर्की सैन्य दयनीय होतं. अधिकाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले होते, शिपायांच्या पायात धड जोडे नव्हते, दवाखाने घाणीने भरलेले होते. तो तपासणीला येणार असं कळलं की चांगले गणवेश एका तुकडीकडून दुसरीकडे पाठवले जात, हेही त्याच्या लक्षात आलं. माणूस तापट, शिस्तीचा कडक आणि मानापमानाच्या बाबतीत हळवा होता. जर्मन राजदूत वांगेनहाइमशी त्याचं पटलं नाही आणि बत्तिसाव्या वर्षी युद्धमंत्री झालेल्या एन्व्हर पाशाशी तर कधीच नाही. एन्व्हरला भव्य बेत आवडत. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यावर १९१४ च्या डिसेंबरमध्ये भर हिवाळ्यात कॉकेशसच्या डोंगरांतून रशियनांना वेढा घालायचा नकाशा त्याने लिमानपुढे ठेवला. लिमानने बर्फ, वाटा, रसद यांच्या अडचणी दाखवल्या. लिमानच्या आठवणींनुसार, त्यावर एन्व्हरने अफगाणिस्तानातून थेट हिंदुस्थानवर चालून जायचा विचारही बोलून दाखवला. पुढे याच मोहिमेत कॉकेशसच्या आघाडीवरच्या सारिकामिशला हजारो तुर्की सैनिक थंडीने गोठून मेले आणि त्या मोहिमेवर गेलेलं सैन्य जवळपास नष्ट झालं.

१८ मार्च १९१५ ला ब्रिटिश आणि फ्रेंच युद्धनौकांनी डार्डनेल्समध्ये घुसायचा प्रयत्न केला. सुरुंगांनी तीन मोठ्या युद्धनौका बुडवल्या आणि आरमार मागे फिरलं. आता जमिनीवर फौज उतरणार हे उघड होतं. आठवड्याभरात एन्व्हरने नव्याने पाचवी सेना उभी करून ती लिमानच्या हवाली केली. २६ मार्चला तो गॅलिपोलीत पोहोचला. शत्रूची जहाजं सामान नीट लावून घेण्यासाठी इजिप्तला परत गेली होती, आणि त्यामुळे त्याला चार आठवडे मिळाले.

या चार आठवड्यांत त्याने जे केलं, त्यावर त्याची सारी कीर्ती उभी आहे, म्हणून ते जरा सावकाश पाहू. गॅलिपोली हा सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा डोंगराळ द्वीपकल्प आहे. सामुद्रधुनीच्या पलीकडे आशियाचा किनारा आहे, तोही सांभाळायचा होता. हातात सहा डिव्हिजन होत्या आणि शत्रू कुठेही उतरू शकत होता. आधीची रचना अशी होती की किनाऱ्यावर जागोजागी थोडे थोडे शिपाई पसरलेले, सीमेवरच्या चौक्यांसारखे. दिसायला सगळा किनारा झाकलेला, पण शत्रूने एका जागी जोर लावला की ती जागा फुटणार, आणि मागून मदतीला यायला कुणीच नाही.

लिमानने हे उलटं केलं. किनाऱ्यावर फक्त लहान तुकड्या ठेवल्या. त्यांचं काम जिंकणं नव्हतं, वेळ काढणं होतं. उरलेलं सैन्य त्याने तीन मोठ्या गटांत आत एकवटलं. दोन डिव्हिजन उत्तरेला बोलायिरच्या चिंचोळ्या पट्टीजवळ, दोन आशियाच्या बाजूला, आणि दोन द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात. या शेवटच्या दोनपैकी १९ वी डिव्हिजन राखीव म्हणून मागे ठेवलेली होती आणि तिचा प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल मुस्तफा केमाल, म्हणजे पुढचा अतातुर्क. मग लिमानने सैनिकांना चालवायला सुरुवात केली. चौक्यांत बसून त्यांचे पाय जड झाले होते. शत्रूच्या विमानांना आणि जहाजांना दिसू नये म्हणून हे सराव आणि बांधकामं बहुतेक रात्री चालत. राखीव फौज लवकर हलावी म्हणून रस्ते तयार केले, होड्या जमवल्या. काटेरी तार पुरेशी नव्हती, तर शेतांच्या आणि बागांच्या कुंपणांच्या तारा काढून किनाऱ्यावर लावल्या.

लिमान मुख्यतः घोडदळात वाढला, हे मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. गॅलिपोलीच्या दऱ्याखोऱ्यांत घोड्यांचा उपयोग नव्हता. पण घोडदळाच्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून शिकवतात ते हेच, की सगळी ताकद आधीच खर्च करायची नाही, एक भाग हातात राखायचा आणि योग्य क्षणी योग्य जागी वेगाने फेकायचा. लिमानने हा विचार पायी चालणाऱ्या अनातोलियन शेतकऱ्यांच्या फौजेला लावला. त्यात नुसती हुशारी नव्हती, रोजची तंगडतोड होती.

२५ एप्रिलच्या पहाटे शत्रू उतरला. दक्षिणेच्या टोकाला हेलेस इथे ब्रिटिश, पश्चिम किनाऱ्यावर अरिबुर्नूजवळ ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडर, आशियाच्या बाजूला फ्रेंचांची एक तुकडी. उत्तरेला बोलायिरसमोर जहाजं नुसती हूल द्यायला उभी होती. लिमान त्या हुलीला फसला. द्वीपकल्प तोडायचा तर बोलायिरलाच, असं त्याचं पक्कं मत होतं. शत्रू तिथेच उतरेल म्हणून तो तो दिवस आणि ती रात्र तिथेच थांबला, तर खरी लढाई पन्नास ते सत्तर किलोमीटर दूर चालू होती. अरिबुर्नूला वेळ सांभाळली ती मुस्तफा केमालने. वरून हुकूम यायची वाट न पाहता त्याने ५७ वी रेजिमेंट चुनुक बायिरच्या उंचवट्याकडे नेली. तुर्की लेखकांचा लिमानवर मुख्य आक्षेप इथेच आहे: किनारा विरळ ठेवल्यामुळे शत्रूला पाय रोवू दिला आणि वर चुकीच्या जागी थांबला. आक्षेपातला दुसरा भाग मला पूर्ण पटतो, पहिला नाही. लिमानने राखीव डिव्हिजन जवळ एकवटून ठेवली नसती, तर केमालला पुढे न्यायला तरी काय उरलं असतं?

चुका आणखीही झाल्या. १९ मे रोजी अरिबुर्नूला सरळ समोरून केलेल्या हल्ल्यात काही तासांत सुमारे दहा हजार तुर्की सैनिक मेले किंवा जखमी झाले. प्रेतांची दुर्गंधी इतकी वाढली की २४ मे रोजी दोन्ही बाजूंनी काही तास लढाई थांबवून मृतांना पुरलं. हा हल्ला आपली चूक होती, हे लिमानने पुढे लिहून मान्य केलं आहे.

ऑगस्टमध्ये त्याची रचना पुन्हा कसोटीला लागली. ६ ऑगस्टच्या रात्री ब्रिटिशांनी सुव्हला उपसागरात नवी फौज उतरवली. समोर मेजर विल्मर नावाच्या बव्हेरियन अधिकाऱ्याच्या हाताखाली जेमतेम दीड हजार माणसं होती. लिमानने बोलायिरहून दोन डिव्हिजन ताबडतोब खाली बोलावल्या. त्या पोहोचल्या, पण त्यांचा सेनापती फेव्झी बे सैन्य थकलं आहे म्हणून हल्ला पुढे ढकलू लागला. लिमानने त्याला त्याच रात्री काढलं आणि सगळ्या विभागाची सूत्रं मुस्तफा केमालला दिली. ९ आणि १० ऑगस्टच्या प्रतिहल्ल्यांनी ब्रिटिशांचा डाव उधळला. याच दिवसांत सारी बायिर डोंगररांगेच्या माथ्यापर्यंत चढलेले सहाव्या गुरखा रेजिमेंटचे सैनिक हिंदुस्थानातून आले होते. जूनमध्ये हेलेसजवळ १४ व्या शीख पलटणीची बहुतेक माणसं एका दिवसात पडली होती. ९ जानेवारी १९१६ ला शेवटचा ब्रिटिश सैनिक द्वीपकल्प सोडून गेला. दोन्ही बाजूंचे मिळून लाखाहून जास्त लोक मेले होते.

त्यानंतरची दोन वर्षं तो पश्चिम अनातोलियात पाचव्या सेनेसोबत होता. लष्करीदृष्ट्या हा काळ शांत गेला, पण एक प्रसंग टाळून चालणार नाही. १९१५ पासून ऑटोमन सरकार आर्मेनियन लोकांना देशोधडीला लावून मारत होतं. १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये स्मिर्ना म्हणजे आजच्या इझमीरमधून आर्मेनियनांना हाकलायला सुरुवात झाली, तेव्हा लिमानने प्रांताच्या गव्हर्नरला बजावलं की हे थांबलं नाही तर आपण सैन्य वापरून थांबवू. हद्दपारी थांबली. दुसऱ्या बाजूला १९१७ मध्ये आयवालिकच्या ग्रीक रहिवाशांना लष्करी कारण सांगून तिथून हलवलं गेलं, त्यात त्याचा हात होता. दोन्ही गोष्टी त्याच्या नावावर आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१९१८ च्या वसंतात त्याला पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जर्मन जनरल फाल्कनहाइनच्या जागी पाठवलं. हाताखाली कागदावर तीन सेना होत्या, त्यातली सातवी ऑगस्टपासून मुस्तफा केमालकडे. प्रत्यक्षात तुकड्या अर्ध्यामुर्ध्या, माणसं उपाशी, आजारी, आणि रोज पळून जाणारी. समुद्रापासून जॉर्डनपर्यंतची रेषा धरताना सगळं सैन्य पुढेच लागलं, मागे राखीव जवळजवळ काहीच राहिलं नाही. गॅलिपोलीत जे त्याने पहिल्या दिवशी मोडलं होतं, त्याच रचनेत तो आता परिस्थितीने अडकला होता. मागे हटून तिबेरियास सरोवरापाशी नवी रेषा धरायचा विचार त्याने केला होता. पण माघारीत हे सैन्य टिकणार नाही आणि अरबस्तानात जाणारी हेजाझ रेल्वे व जॉर्डनपलीकडचा प्रदेश हातचा जाईल म्हणून तो सोडून दिला.

समोर होता ब्रिटिश सेनापती ॲलनबी आणि त्याच्याकडे सुमारे बारा हजार घोडेस्वार. यातले पुष्कळ हिंदुस्थानी. फ्रान्समधल्या खंदकांत घोडदळाला फारसं काम उरलं नव्हतं, म्हणून तिथले हिंदुस्थानी रिसाले १९१८ मध्ये इकडे आणले होते. त्यांत ३४ वी पूना हॉर्स आणि २० वी डेक्कन हॉर्सही होत्या. पूना हॉर्स ही १८१७ मध्ये पुण्याच्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने उभी राहिलेली तुकडी. कोरेगावच्या लढाईत तिचे स्वार होते. १९१८ पर्यंत तिच्यात मुख्यतः राजपूत आणि मुसलमान स्वार होते, पण पुण्याचं नाव मात्र कायम राहिलं होतं. ॲलनबीने जॉर्डनच्या खोऱ्यात लाकडाचे आणि कापडाचे हजारो खोटे घोडे उभे केले, खेचरांकडून धूळ उडवली, आणि खरं घोडदळ गुपचूप समुद्रकिनाऱ्याकडे नेलं. हल्ल्याच्या दोन दिवस आधी पळून आलेल्या एका हिंदुस्थानी सैनिकाने तुर्कांना बातमी दिली होती, तरी मोर्चे जागेवरच राहिले.

१९ सप्टेंबरच्या पहाटे पायदळाने किनाऱ्यालगतची तुर्की फळी फोडली आणि त्या भगदाडातून घोडदळ उत्तरेला सुटलं. विमानांनी आधीच टेलिफोनची केंद्रं उडवली होती, त्यामुळे नाझरेथच्या मुख्यालयात बसलेल्या लिमानला आपल्या सेनांचं काय चाललंय हेच कळेना. दुपारी त्याने घोडदळाच्या वाटेवरच्या मुस्मुस खिंडीचं तोंड अडवायला हाताशी असलेली एक लहानशी तुकडी पाठवली. एवढीच त्याची राखीव फौज होती. ती रेंगाळली. घोडेस्वार रात्रीतून खिंड पार करून गेले आणि २० तारखेच्या सकाळी मैदानात सेकंड लान्सर्स या हिंदुस्थानी रिसाल्याने भाले रोखून ती तुकडी उधळली. जवळपास त्याच वेळी १४ वी घोडदळ ब्रिगेड, म्हणजे डेक्कन हॉर्स आणि पूना हॉर्स जिच्यात होत्या ती, अफुला या रेल्वेच्या जंक्शनवर येऊन धडकली. आणि १३ वी ब्रिगेड पहाटे नाझरेथच्या गल्ल्यांत शिरली.

लिमान थोडक्यात निसटला. कागदपत्रं शत्रूच्या हाती लागली, गल्ल्यांमधून कारकून आणि लष्करी चालक बंदुका घेऊन लढले. दिवस वर येता येता ब्रिगेड मागे हटली, पण तिबेरियास, देरा, दमास्कस अशी त्याची माघार सुरू झाली ती थांबली नाही. चौथ्या घोडदळ डिव्हिजनने ३४ तासांत सुमारे ११० किलोमीटर मजल मारून बेसानपाशी तुर्कांची परतीची वाट बंद केली होती. २३ सप्टेंबरला जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हैफा घेतलं. दिल्लीचं तीन मूर्ती स्मारक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या या घोडेस्वारांचंच. ऑक्टोबरअखेरपर्यंत ॲलनबीच्या फौजांनी सुमारे ७५,००० कैदी पकडले.

३० ऑक्टोबरला तुर्कस्तान आणि दोस्त राष्ट्रांमध्ये मुद्रोसचा शस्त्रसंधी झाला. दुसऱ्या दिवशी अदाना इथे लिमानने आपल्या सेनांची सूत्रं मुस्तफा केमालकडे सोपवली. जर्मन सैनिकांना घेऊन १९१९ च्या सुरुवातीला मायदेशी परतताना ब्रिटिशांनी त्याला माल्टा बेटावर युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून अटक केली. सहा महिन्यांनी, खटला न भरताच, सोडून दिलं. त्या कैदेत त्याने ‘तुर्कस्तानातली पाच वर्षं’ हे आपलं आठवणींचं पुस्तक लिहिलं. १९२१ मध्ये आर्मेनियनांच्या हद्दपारीमागचा ऑटोमन मंत्री तलात पाशा याला मारणाऱ्या सोगोमोन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणावर बर्लिनमध्ये खटला चालला, तेव्हा न्यायालयाने लिमानलाही साक्षीला बोलावलं. २२ ऑगस्ट १९२९ ला म्युनिकमध्ये तो वारला आणि जिथे अर्धशतकापूर्वी शिपाईगिरीला सुरुवात केली त्या डार्मश्टाटमध्ये त्याला पुरलं.

त्याचं पुस्तक आजही गॅलिपोलीच्या अभ्यासाचं एक मुख्य साधन आहे. ते वाचताना इतकं ध्यानात ठेवावं, की ते पराभवानंतर लगेच, कैदेत बसून, एन्व्हरवरचा राग ताजा असताना लिहिलेलं आहे. एन्व्हरच्या चुका त्यात बारकाईने सापडतात. २५ एप्रिलला बोलायिरला घालवलेल्या वेळाबद्दल मात्र तो स्वतःचं समर्थनच करतो. त्यासाठी तुर्की बाजूचे वृत्तांत शेजारी ठेवावे लागतात.